ठेवणीतला कोट

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ हा १९३५ सालचा ब्रिटिश हेरपट. त्याचं नाव निघालं की जाणकार माणसं त्याच्या वेगाबद्दल बोलतात. ते खरंच आहे. रिचर्ड हॅनेच्या लंडनमधल्या खोलीत एका हेर बाईचा खून होतो, आळ त्याच्यावर येतो आणि गडी रेल्वेनं स्कॉटलंडकडं पळतो. मागं पोलीस, पुढं परदेशी हेरांची टोळी. दीड तासात सगळा खेळ आटोपतो. मधे पाणी प्यायलाही उठावंसं वाटत नाही. पण मी पडलो खेड्यातला. माझं मन अडकलं ते एका शेतकऱ्याच्या घरात.

माळावरचं एकलं घर. हॅने तिथं रात्रीपुरता आसरा मागतो. नवरा खंडानं जमीन कसणारा, देवाधर्माचा, पण पैशाला चिकट आणि संशयी. बायको मार्गारेट तरणीताठी, ग्लासगो शहरातली. पाव्हणा लंडनचा म्हटल्यावर ती हातातलं काम करता करता शहराचं विचारत राहते. ग्लासगोतली शनिवार रात्रीची गर्दी, दुकानं आठवते. नवरा आत आला की गप्प.

मला माझी धाकली चुलती दिसली. परळच्या चाळीत वाढलेली, लग्न होऊन माणदेशातल्या आमच्या वाडीत आलेली. मुंबईहून कोण आलं की भाकरी थापत विचारायची, “लालबागला गणपतीत अजून तेवढीच गर्दी असती का वो, भावजी?” ओसरीवरनं चुलत्याचा खाकरा आला की बोलणं बंद, नुसती भाकरीची थपथप.

पहाटे पोलीस येतात. हॅनेचा कोट फिक्या रंगाचा, अंधारात उठून दिसणारा. मार्गारेट नवऱ्याचा ठेवणीतला काळा कोट त्याच्या अंगावर चढवते. पुढं त्याला गोळी लागते, पण ती कोटाच्या खिशातल्या स्तोत्रांच्या पुस्तकात अडते. हे आपल्याला कळायच्या आधी नवरा तिला पुस्तक कुठाय म्हणून विचारतो. कोट देऊन टाकला, असं ती सांगते. तो तिला मारतो. आपल्याला फक्त किंकाळी ऐकू येते. लगेच पुढच्या चित्रात एक अधिकारी त्या पुस्तकावरनं खदाखदा हसतोय. किंकाळीला हसू जोडणारा हिचकॉक मला तिथं मोठा वाटला आणि निर्दयही.

सिनेमा जॉन बकनच्या १९१५ सालच्या कादंबरीवरचा, पण ही बाई कादंबरीत नाही. पेगी अॅशक्रॉफ्टनं ती थोडक्या वेळात उभी केली. पुढं याच बाईंना ‘अ पॅसेज टु इंडिया’मधल्या मिसेस मूरसाठी ऑस्कर मिळालं.

सिनेमात मिस्टर मेमरी नावाचा एक इसम आहे. थिएटरात उभा राहून लोकांच्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देतो. शेवटी हॅने त्याला एकोणचाळीस पायऱ्यांचं विचारतो आणि कोडं सुटतं. ज्या बाईच्या कोटानं हॅने वाचला, तिचं पुढं काय झालं, हे मात्र त्या भरल्या थिएटरात कुणीच विचारत नाही.