नाव एक, वाण दोन

गेल्या वर्षी आमच्या एका वर्गमित्राला क्षयरोग झाला. "त्याच्यात ताकदच नाही," असे आम्ही सहज बोलून गेलो. विज्ञानाच्या बाईंनी ते ऐकले आणि रागावण्याऐवजी एक गोष्ट सांगितली.

१९०५ साली अमेरिकेत एका क्षयरुग्णाकडून 'एच ३७' हे जंतू मिळाले. १९३० च्या दशकात विल्यम स्टीनकेन यांनी त्यातून दोन वाण वेगळे केले : रोगकारक 'आरव्ही' आणि सौम्य 'आरए'. जणू सख्खी भावंडेच! पण शरीरातील भक्षक पेशीत शिरल्यावर 'आरव्ही' जोमाने वाढतो, 'आरए' मागे पडतो. पेशीचे उत्तरही सारखे नसते. तिची कोणती जनुके किती जागी होतील, हे वाणाप्रमाणे बदलते. 'आरए'च्या 'फो-पी' जनुकातील एकाच अक्षराचा फरक हे त्याच्या सौम्यपणाचे एक कारण आहे.

म्हणजे आजार केवळ रोग्याच्या ताकदीवर ठरत नाही. जंतूचा वाणही महत्त्वाचा असतो. आमच्या माना खाली गेल्या.

डॉक्टरांच्या परवानगीने मित्र शाळेत परतला, तेव्हा आम्ही आधी त्याची माफी मागितली. सहा महिन्यांची औषधे त्याने एकही दिवस न चुकवता पूर्ण केली. ताकद म्हणतात ती हीच, हे आम्हांला तेव्हा कळले.