पडद्यावरचा विश्वास
१९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ ही मालिका सुरू झाली आणि पुढे तिची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ‘असे करू नका’ हे मुलांना सांगायला शक्तिमानची भूमिका करणाऱ्या मुकेश खन्ना यांनाच पडद्यावर यावे लागले. मला यातली दुसरी गोष्ट अधिक बोलकी वाटते. घरच्यांचे न ऐकणारी मुले शक्तिमानचे ऐकतील, हे सर्वांनीच गृहीत धरले होते. समजावायला आईबाप आहेत की, असा आक्षेप येतो. पण दोघेही कामावर असतील तर शेजारी बसून समजावणार कोण? शिवाय प्रश्न नकलेपुरता नाही; चार-पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट कुठे संपली आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हेही धड उमगत नाही. पडद्यावरच्या नायकावर मुले ठेवतात त्या विश्वासावर माल विकणाऱ्यांनी जबाबदारीचा मोठा वाटा उचललाच पाहिजे.