दीड वाजताची भरती

माणसाला निवृत्तीचे वेध लागले, की त्याच्या घरी सल्ल्यांना उधाण येते. येत्या मे महिन्यात मला अठ्ठावन्न पुरी होतील आणि शाळेच्या फाटक्या नकाशांतून या भूगोलाच्या मास्तरची सुटका होईल. थोरल्या बंधूंनी ज्येष्ठ नागरिक संघाचा अर्ज आणून ठेवला आहे. शेजाऱ्यांनी गुडघ्यांसाठी तेल सुचवले आहे. मेव्हणे म्हणतात, सगळे पैसे मुदतठेवीत टाका आणि स्वस्थ बसा. यांपैकी कोणालाही मी अजून सांगितलेले नाही, की मला होडी घ्यायची आहे. खरे म्हणजे, पुन्हा घ्यायची आहे.

धामणकर नाक्यावर राहणाऱ्याने होडीची गोष्ट काढणे म्हणजे माथेरानकराने मोटार घेण्यासारखे. आमच्या नाक्यावर रिक्षा असतात, टेम्पो असतात, कापडाच्या गाठींनी वाकलेले ट्रक असतात. पाणी म्हणाल तर जवळचा वऱ्हाळा तलाव. पद्मानगरच्या यंत्रमागांची खटखट एरवी इतकी चालते, की समुद्राची गाज कानाशी आली तरी ऐकू येऊ नये. पण दिवाळीत माग थांबतात आणि मग आठवते, की हे गाव मुळात खाडीचे आहे. कामवारी नदी गावाजवळून वाहत जाऊन खाडीला मिळते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दोनच वर्षांत या बाजूला लढाऊ गलबते बांधायला काढली. वर्गात हे सांगितले, की मुले हसतात. त्यांना भिवंडी म्हणजे सूत आणि गोदामे.

माझी पहिली होडी सुतातूनच निघाली. १९९६ सालच्या पाडव्याला मी आणि माझ्या एका यंत्रमागवाल्या मित्राने खाडीकाठच्या एका नाखव्याकडून सोळा फुटी जुनी होडी निम्मेनिम्म्याने घेतली. तिच्या फळ्यांतून पाणी यायचे. त्या फटींत आम्ही मित्राच्या कारखान्यातले टाकाऊ सूत पिळून ठासले आणि वर राळ ओतली. शीड त्याच्याच मागावरच्या मांजरपाटाचे. ताडपत्र्या शिवणाऱ्या शिंप्याने ते शिवले आणि ‘साहेब, मांडव कुठं घालायचाय?’ म्हणून विचारले. नावावरून मात्र आमचे जमले नाही. त्याला आपल्या आईचे नाव हवे होते, मला माझ्या. शेवटपर्यंत ती नुसती ‘होडी’च राहिली.

सहा वर्षे दर रविवारी आम्ही काल्हेरकडून निघत असू. खाडीत वारा हा नोकर आणि भरती ही मालकीण. नाखव्याने पहिल्याच दिवशी हिशेब शिकवला होता : तिथीला तीनने गुणावे, चारने भागावे, की भरतीची सुमाराची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. समुद्रापासून जितके आत जावे, तितके पाणी उशिरा चढते, तेवढे आपण धरून चालायचे. पंचांगातून भूगोल असा सरळ बाहेर पडलेला पाहून मी थक्क झालो होतो. घरी येऊन तो हिशेब मी भाजी निवडत बसलेल्या सौभाग्यवतीला उत्साहाने सांगितला. ती ‘हं’ म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

२००२ साली होडी विकली. मुलीच्या शिक्षणासाठी, असे मी सर्वांना सांगितले. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिचे शिक्षण ‘ग म भ न’पर्यंत आले होते! खरे कारण आजवर कोणाला सांगितलेले नाही. त्या वर्षी एका दुपारी भरती नुकतीच फिरली असताना माझ्याच चुकीने होडी तिवरांजवळच्या चिखलात रुतली. पाणी बघता बघता निघून गेले. उतरावे तर मांडीपर्यंत चिखल. मोबाईल नव्हता. दुसऱ्या भरतीची वाट पाहत आम्ही दोघे अंधारात बसून राहिलो. मी घरी पोहोचलो तेव्हा पहाटेचे पावणेपाच झाले होते. मी कडी वाजवण्याआधीच दार उघडले. ती एक शब्द बोलली नाही. गरम पाणी काढलेले होते, भात वाफाळत होता. शिव्या दिल्या असत्या तर होडी राहिली असती. त्या मौनाला मी भ्यालो. पुढच्याच आठवड्यात होडी गेली. मित्रही आता नाही. तीन वर्षांपूर्वी तोही गेला.

आता एक बावीस फुटी होडी पाहिली आहे. फायबरची, शिडाची, वर लहानशी खोली. दोन माणसे आडवी होऊ शकतात. जोशुआ स्लोकम १८९५ साली एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाला तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता आणि शेतात कुजत पडलेली होडी त्याने ५५३ डॉलर ६२ सेंटांत नव्याने उभी केली होती. आपले दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीला वळसा घालून पुढच्या मे महिन्यात परत आले. मला पृथ्वी नको. दोन-तीन ओहोट्या धरून घोडबंदरावरून वसईच्या किल्ल्यापर्यंत जावे, रात्री नांगर टाकावा, एवढेच.

परवा गच्चीवर सौभाग्यवती चिवड्याचे पोहे वाळत घालत होती. तिथे मी धीर करून सगळे सांगितले; त्या रात्रीसकट. ती खाली बघून पोहे पसरत राहिली. तेव्हा माझे लक्ष गेले : पोह्यांखालचे कापड म्हणजे आमचे मांजरपाटाचे शीड होते. दर दिवाळीला ते तिथेच असणार. मी पाहिले नव्हते.

“तृतीया होती त्या दिवशी,” ती म्हणाली. “सव्वादोनची भरती, म्हणजे पुढची पावणेतीनच्या सुमाराला. खाडीत पाणी चढायला आणखी वेळ. साडेचारच्या आत तुम्ही येत नाही, हे मला ठाऊक होतं. चारला भात टाकला.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? सहा वर्षं दर रविवारी मी कॅलेंडर बघून भरती मोजली. तुम्ही एकदा तरी म्हणालात का, चल म्हणून?”

एवढा मोठा मी भूगोलाचा मास्तर. पण याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी मुकाट्याने शिडाचे उडणारे टोक धरून बसलो.

“होडी बघायला कधी जायचं?” थोड्या वेळाने तिने विचारले.

“भाऊबीजेला जाऊ. तुझा भाऊ संध्याकाळी येणार ना?”

तिने बोटांवर काहीतरी मोजले. “द्वितीया. दीड वाजता भरती. डबा लवकर करते,” ती म्हणाली, “आणि ते गुडघ्याचं तेल आधी लावा.”