तोलाची जोड

शड्डू हा अहंकाराचाच आवाज आहे, पण आखाड्यात त्याला कुणी नावं ठेवत नाही. चारचौघांत तोंड न उघडणारं पोरगंसुद्धा लांग चढवून हौद्यात उतरलं, की दंडावर आणि मांडीवर असा हात मारतं की हलगीवाल्यानं मान वळवून बघावं. त्याआधी ते वाकून मातीला शिवलेलं असतं, चिमूटभर माती कपाळाला लावलेली असते. वाकणं आणि गुरकावणं एका दमात होतं, आणि पाहणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही. घरात, गल्लीत, सोयरिकीत 'मी'पणा दिसला की आमची माणसं नाक मुरडतात. पैलवानाला मात्र तो माफ असतो. भ्यालेला पैलवान बघायला दहा कोसांवरून कोण येईल?

मुरुम हे उमरगा तालुक्यातलं शिवेवरचं गाव. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर मुरुम मोड लागतो, तिथून आत वळायचं. पलीकडे आळंदकडे निघालं की कर्नाटक सुरू. आमच्याकडची रानं काळी. म्हणून जत्रेच्या कुस्त्यांसाठी तांबडी माती ट्रॅक्टरनं आणून टाकतात, खडे वेचतात, तेल, हळद, ताक, लिंबू घालून ती मऊ करतात. फड भरला की भोवतालच्या गर्दीत तीन भाषा एकाच वेळी ओरडत असतात. खालचा पैलवान निसटायला लागला की एका कडेनं 'सोडू नगंस' येतं, दुसरीकडून 'बिडब्याड', तिसरीकडून 'छोड नक्को'. वरच्या पैलवानाला कुठली भाषा कळते याची कुणाला फिकीर नसते.

सुरुवात रेवडीच्या, नारळाच्या कुस्त्यांनी होते. तिथं उतरणाऱ्या पोरांच्या चड्ड्या त्यांच्या मापाच्या नसतात, पण रुबाब बघावा तर मोठ्या पैलवानाचा. नारळ जिंकलेलं पोर तो फोडून खात नाही. दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सगळ्या फडाला दाखवत फिरतं. पुढं इनामाचा आकडा वाढत जातो. दुपार कलते, फेटे दिसू लागतात, एखाद्याला चांदीचं कडं जाहीर होतं आणि शेवटच्या कुस्तीची वाट बघत लोक कडेच्या झाडांवर चढतात.

या सगळ्यात मला कुस्तीइतकंच, कधी कधी कुस्तीहून जास्त, जोड लागण्याचं कौतुक वाटत आलं आहे. पंच पैलवानाचं मनगट धरून त्याला रिंगणाभोवती फिरवतात. हात वर, छाती पुढं. 'हाय का कुणी?' गर्दीतून कुणीतरी उठतो, सदरा काढतो, हातावर हात ठेवतो, जोड लागली. पैलवानाची खरी पारख इथं होते. पीळदार अंगाचा, फोडलेल्या कानांचा, चार गावं गाजवून आलेला गडी समोरून तोलाचा माणूस येताना दिसला की एकदम हिशेबी होतो. वजनात बसत नाही म्हणतो, कालच प्रवास झालाय म्हणतो, इनाम वाढवा म्हणतो. पंच समजून जातात. कडेला बसलेली म्हातारी माणसंही समजतात, पण बोलत नाहीत. चुना मळत राहतात. असा गडी मग हलका पैलवान शोधतो, त्याला पाच मिनिटांत अस्मान दाखवतो आणि खांद्यावर बसून मिरवतो. फेटा त्यालाही मिळतो. पण पुढच्या वर्षी त्याचं नाव काढलं, की लोक कुस्ती सांगत नाहीत, टाळलेली जोड सांगतात.

आमच्या पिढीला कुस्तीचा दुसरा फड टीव्हीवर सापडला. नव्वदच्या दशकात केबल आली, आणि तिच्याआधी किंवा मागोमाग ते पत्तेही आले, ज्यांवर परदेशी पैलवानांची उंची, वजन, छाती, दंड आणि रँक छापलेली असे. शाळेच्या ओट्यावर आम्ही ते खेळायचो. ज्याच्या हाती पहिल्या रँकचा पत्ता, तो त्या मधल्या सुट्टीचा राजा. पुढं २००७ मध्ये हिमाचलचा दलीपसिंग राणा 'द ग्रेट खली' होऊन तिथला जगज्जेता झाला, तेव्हा पानटपरीवर आमचीच छाती फुगली. जाणत्यांचा निकाल मात्र ठरलेला असे: 'नुरा हाय सगळं.' आधी ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे नुरा म्हणतात, आणि आखाड्यात याहून वाईट शिवी नाही.

निकाल ठरलेला असतो हे खरंच. मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या लढती बघायला लोटलेल्या गर्दीत ते ओळखून असलेलेही पुष्कळ असतील. मला कुतूहल वेगळंच वाटतं. निकाल ठरलेला असेल, तर त्या मल्लांना अहंकार कशाचा उरतो? उत्तर गमतीचं आहे. तिथं भांडणं जिंकण्यावरून होत नाहीत, हरण्यावरून होतात. कुणी कुणाकडून, कुठं, कुणासमोर पडायचं, यावर तिथल्या मैत्र्या मोडल्या आहेत. ९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये ब्रेट हार्टला आपल्या देशात, आपल्या माणसांसमोर शॉन मायकल्सकडून पट्टा गमवायचा नव्हता. तो कंपनी सोडून निघाला होता. मालकानं त्याला न सांगताच घंटा वाजवायला लावली आणि तो हरल्याचं जाहीर केलं. खोट्या कुस्तीत झालेला हा खरा दगा; त्यावर अजून वाद घातले जातात.

त्याच रिंगणातली, त्याच्या दहा वर्षं आधीची दुसरी लढत मला जास्त जवळची वाटते. २९ मार्च १९८७, मिशिगनमधलं अवाढव्य स्टेडियम, समोरासमोर हल्क होगन आणि आंद्रे द जायंट. आंद्रेचं शरीर आजारानंच एवढं वाढलं होतं. पाठ इतकी दुखायची की पोशाखाखाली पट्टा बांधून तो उतरला होता. त्याच्या मनात नसतं तर त्याला उचलणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. त्यानं उचलू दिलं. होगननं तो डोंगर उचलून आपटला, आणि त्या एका आपटण्यावर होगनचं पुढचं सगळं राज्य उभं राहिलं. आंद्रे १९९३ मध्ये गेला. नुरा म्हणून या लढतीला हसणाऱ्यांनी सांगावं, की आपलं मोठेपण असं दुसऱ्याच्या हाती सोपवायला किती जणांची छाती होते.

याच्या उलटं उदाहरण खऱ्या कुस्तीतलं आहे. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा पैलवानासमोर पोलंडचा झिबिस्को उभा राहिला. गामाची पकड कळताच तो पोटावर पालथा पडला आणि अडीच तासांच्या आसपास मॅटला चिकटून राहिला. पाठ लागली नाही, म्हणून कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा नेमली, तेव्हा तो आलाच नाही. पहिल्या दिवशी त्याला कुणी हरवलं नव्हतं, पण त्याला कुस्ती केली असंही कुणी म्हणत नाही. त्याच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की १९२८ मध्ये तो पटियाळ्याला आला, पुन्हा गामासमोर उभा राहिला आणि मिनिटाच्या आत चितपट झाला. मला तो लंडनच्या अडीच तासांपेक्षा पटियाळ्याच्या त्या मिनिटात मोठा वाटतो.

आमच्या भागाला आपला मल्ल शोधायला लांब जावं लागत नाही. उमरग्याला लागून निलंगा तालुका, त्यातलं रामलिंग मुदगड हे हरिश्चंद्र बिराजदार यांचं गाव. १९६९ चे महाराष्ट्र केसरी, १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, आणि बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपालवरचा तो विजय, ज्याच्या गोष्टी आमच्याकडे अजून हातवारे करून सांगतात. सांगणारा सतपालला कधीच लहान करत नाही. उलट सतपालची उंची, ताकद, दरारा आधी पुरेसा रंगवून घेतो, मग बिराजदारांना आत उतरवतो. गोष्ट सांगण्याची ही रीत कुस्तीतूनच आली असावी. समोरचा जेवढा मोठा, तेवढं जिंकण्याला वजन.

आणि हेच बिराजदार पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत 'मामा' झाले. स्वतःचा फेटा उतरवून ते दुसऱ्यांच्या पोरांचे डाव घासूनपुसून घेत बसले. वस्ताद होणं हा पैलवानाच्या अहंकाराचा सर्वांत अवघड डाव असेल. कालपर्यंत ज्या अंगावर हजारो डोळे होते, ते अंग आता कडेला उभं. वाजतात त्या टाळ्या दुसऱ्याच्या. शिवाय वस्तादाला आपल्यापेक्षा सरस पैलवान घडवायचा असतो, म्हणजे आपलं नाव मागं पडेल अशी व्यवस्था आपल्याच हातांनी करायची असते. मामा २०११ मध्ये गेले. २०१८ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं आणि ते आपल्या या दिवंगत वस्तादांना अर्पण केलं. एडिंबरापासून गोल्ड कोस्टपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षं होतात. स्वतःच्या ताकदीवर एवढा लांब पल्ला कुणीच मारत नाही.

खाशाबा जाधवांचंही असंच. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशांतून गुरूचं कर्ज फेडायला लागले. पुढं ते पोलिसांत फौजदार झाले, १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या पश्चात आला. देशानं उशीर केला याची चीड येते. पण पदक गळ्यात असताना ज्याला आधी कुणाचं तरी गहाण घर आठवतं, त्याच्या मोठेपणाला सरकारी कागदाची वाट बघावी लागली नव्हती.

अलीकडच्या दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा मनात शेजारी शेजारी येतात. जानेवारी २०२०, पुणे. अंतिम लढतीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्या तालमीतले, म्हणजे रोज एकमेकांच्या अंगावर घाम गाळणारे. हर्षवर्धन निसटत्या फरकानं जिंकला आणि त्यानं हरलेल्या शैलेशला आपल्या खांद्यावर उचलून मैदानात फिरवलं. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. शिवराज राक्षेची पाठ लागली की नाही यावरून वाद पेटला आणि पंचाला लाथ बसली. पृथ्वीराज मोहोळ विरुद्ध महेंद्र गायकवाड ही अंतिम कुस्तीही वादात सापडून अर्धवट राहिली. मोहोळ विजेता ठरला आणि राक्षे, गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन नाही. तरी त्या रागाकडे नुसतं बोट दाखवून मला मोकळं होता येत नाही. वर्षभराचा खुराक, घरच्यांनी काढलेलं कर्ज, जिंकलं तर नोकरी, हरलं तर पुन्हा तालीम, हे सगळं त्या एका निकालाला टांगलेलं असतं. वर आम्ही बघे. जिल्ह्याचा मान, तालुक्याचा मान, कधी जातीचा मान, सगळं गाठोडं त्याच्या पाठीवर ठेवतो आणि ती पाठ मातीला लागू नये म्हणून कंठशोष करतो. पैलवानाचा म्हणून जो अहंकार आपण मोजतो, त्यात निम्मा आपला असतो. त्याचा स्वतःचा तेवढा शड्डूतच संपून जायचा.

म्हणून कुस्तीतला तारा कोण, असं कुणी विचारलं तर मी गदा, इनाम, वजन बाजूला ठेवतो. अजिंक्य हा शब्दही मला फसवा वाटतो. हलक्या जोडी निवडत गेलं, तर कुणीही बरीच वर्षं अजिंक्य राहू शकतो. खरा मल्ल तो, ज्याच्याशी लढून हरलेल्यालाही पुढं आयुष्यभर अभिमानानं सांगता येतं की मी त्याच्याशी लढलो होतो. त्याला शड्डू मोठ्यानं ठोकू द्या, मिशीला पीळ देऊ द्या. तोलाचा माणूस समोर आला की त्यानं हातावर हात ठेवावा आणि निकाल लागला की समोरच्याची माती झटकून द्यावी, एवढ्यात त्याचा गर्व शोभून दिसतो.

आमच्याकडच्या कट्ट्यावर जुन्या पैलवानाचा विषय निघाला, की नवी पोरं विचारतात, 'किती जिंकला?' आणि मोबाइलवर शोधायला लागतात. म्हातारे विचारतात, 'कुणासंगं लढला?' किती जिंकला ते मोबाइलवर सापडतंही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन नावं घेतल्याशिवाय देता येत नाही.