फरशीखालची फरशी

सध्या आमच्या घरात फरशी सोडून दुसरा विषय नाही. गेल्या वर्षी न्यू जर्सीत घर घेतलं, १९६१ सालचं. किचनमध्ये पिवळट, मऊ व्हायनल. तिथे आम्हाला पांढऱ्या सिरॅमिक टाइल्स हव्यात. सांगलीहून बाबांचा सल्ला: "आहे त्यावरच बसव की! तोडफोड कशाला?"

बाबांचं चूक नाही, पण ते हिशोब करतात आपल्याकडच्या स्लॅबचा. इकडच्या बऱ्याच घरांसारखी आमचीही जमीन लाकडी. खाली तुळया, त्यावर प्लायवूड. पाय पडला की लाकूड किंचित लवतं, मऊ व्हायनल दबतं. सिरॅमिक बिचारं लवत नाही, तडकतं. आधी सांध्यांतलं ग्राउट सुटतं, मग टाइल. दोन आधारांमधल्या अंतराच्या ३६०व्या भागापेक्षा जमीन जास्त लवू नये, असा इथला नियम आहे. म्हणजे व्हायनल काढणं आलंच.

एका कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. तो म्हणाला, "दोन पोरं पाठवतो, दुपारपर्यंत खरवडून साफ!" तोपर्यंत मी हीटिंगची जाळी उचलून कडेचे थर बघितले होते. वरच्या व्हायनलखाली ९ इंची चौकोनी टाइल्स आणि त्याखाली काळा गोंद. त्या काळच्या ९ इंची टाइल्स म्हटलं की पहिला संशय अ‍ॅस्बेस्टॉसचा! इथल्या कामगार-सुरक्षेच्या नियमांत तर १९८० पर्यंतची व्हायनल फरशी, चाचणीत निर्दोष ठरेपर्यंत, अ‍ॅस्बेस्टॉसचीच धरतात.

नुसतं बघून काही कळत नाही. माणूस बोलावून नमुना लॅबला पाठवला. रिपोर्ट आला: टाइलमध्ये आहे, गोंदातही आहे.

घाबरण्यासारखं काय, तर तसं काहीच नाही.. फरशी अखंड आहे तोवर. टाइलमध्ये हे तंतू घट्ट बसलेले असतात. कोरडं खरवडलं, सँडर फिरवला, की धूळ होऊन हवेत. डोळ्यांना दिसत नाहीत, वास नाही, खोकलाही येत नाही. फुप्फुसाचा आजार उमटतो तो वीस-तीस वर्षांनी. तेव्हा कोण म्हणणार की ती शनिवारची फरशी होती?

बायकोला सहावा महिना आहे, त्यामुळे आमच्यापुरता प्रश्न लगेच सुटला. पण मला राहून राहून ती दोन पोरं आठवतात, जी आलीच नाहीत. ती असली किचनं रोज खरवडत असणार, तीही साध्या कापडी मास्कवर.

आता परवानाधारक लोक येतील. प्लास्टिकने खोली बंद करून, ओलं ठेवून, सीलबंद पिशव्यांतून सगळं नेतील. मग प्लायवूडवर सिमेंट बोर्ड, त्यावर टाइल्स. खर्च बराच वाढला, त्यामुळे पांढऱ्या टाइल्स आता जरा स्वस्तातल्या. चालतंय!

हे सगळं बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आपल्या गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे.. त्यातही हेच ना रे? करवतीने मीच कापलेत ते."

हो, जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत हेच असतं. आता ते कापू नका, घासू नका, फुटले तर ओले करून उचला, एवढंच सांगू शकलो. फोन ठेवताना ते म्हणाले, "त्या पोरांना पण सांग."

कॉन्ट्रॅक्टरला रिपोर्टची प्रत पाठवली आहे. उत्तर अजून नाही. सोमवारी फोन करणार आहे.