देवांच्या अन्नातील कडू रेणू

कोकोच्या वृक्षाला लिनियसने १७५३ साली ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ देवांचे अन्न. १८४१ मध्ये अलेक्सांद्र वोस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने कोकोच्या बियांतून एक कडू द्रव्य वेगळे केले आणि तेही थिओब्रोमिन म्हणून त्याच नावाचे वारसदार झाले. त्यात ब्रोमिनचा मात्र एकही अणू नाही. नावावरून गुण ओळखू नये, हा धडा इथूनच सुरू होतो.

थिओब्रोमिन हे कॅफीनचे भावंड. कॅफीनमध्ये तीन मिथाइल गट असतात, याच्यात दोन. त्यामुळे मेंदूला त्याची चेतना सौम्य मिळते. लघवी वाढवण्याचा गुण त्यात असल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हृदयविकारातील सुजेवर ते दिले जाई. पुढे अधिक प्रभावी औषधे आली आणि ते मागे पडले.

आमच्या घरी परिचय होता तो त्याच्या दुसऱ्या भावंडाचा, थिओफिलिनचा. आईला दमा होता. दोघांचे रासायनिक सूत्र एकच. फक्त एका मिथाइल गटाची जागा निराळी. गोळी घेतली की आईचे हात थरथरत, मळमळे. परंतु रात्र बसून काढण्याऐवजी तिला पाठ टेकता येई. औषध हा असा मोजूनमापून केलेला सौदा असतो, हे आम्ही तिच्याकडे पाहून शिकलो.

२००५ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संशोधकांनी दहा निरोगी व्यक्तींवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिरचीतील कॅप्सेसिन हुंगवून आणलेला खोकला थिओब्रोमिनने कमी झाला. वृत्तपत्रांनी त्याचे ‘खोकल्यावर चॉकलेट’ करून टाकले, आणि आईलाही तो सल्ला मिळू लागला. जुनाट खोकल्याच्या रुग्णांना दोन आठवडे थिओब्रोमिन देऊन घेतलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधविरहित गोळीच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. ही बातमी मात्र फारशी कोणी सांगितली नाही.

कुत्र्याच्या शरीरातून हेच द्रव्य फार सावकाश निघते; म्हणून आपल्या मुलांचा खाऊ त्याला विष ठरू शकतो. रेणू तोच, शरीर आणि मात्रा बदलली.

आई दुधात कोको घालून आवडीने पीत राहिली. गोळी मात्र तिने कधी चुकवली नाही.