बोगनवेलीचा मुकुट

उपवासकाळ सुरू झाला होता. गावच्या चर्चमध्ये शिरताच ताज्या पॉलिशचा वास आला. क्रूसावरच्या मूर्तीचं रंगकाम झालेलं, आणि मस्तकावर नवा मुकुट: पितळेचा, सोनेरी मुलाम्याचा, काट्यांची टोकं गोल केलेली. मला राग आला. अजून आहे.

आमच्या लहानपणी वसईत पवित्र गुरुवारी बाबा कुंपणावरची बोगनवेल तोडायचे. फुलं-पानं ओरबाडून ओल्या फांद्यांचे वेढे घालायचे. मुकुट तयार होईतो बोटांवर रक्ताचे ठिपके उठलेले असत. आजी हळद घेऊन उभीच. ‘‘दाखव रे माझ्या राजा,’’ म्हणायची, चाळिशीतल्या लेकाला. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत तो मुकुट येशूच्या मस्तकावर असे आणि मला आधी बाबांची बोटं आठवत.

पॅरिसमध्ये येशूचा म्हणून जो मुकुट जपतात, तो कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बादशहाच्या कर्जापायी व्हेनिसच्या सावकाराकडे गहाण पडला होता. फ्रान्सच्या नवव्या लुईने तो सोडवला आणि १२३९ मध्ये राजवस्त्रं उतरवून, अनवाणी चालत पॅरिसात आणला. २०१९ मध्ये तिथल्या नोत्र दाम कॅथेड्रलला लागलेल्या आगीतून तो वाचवला गेला. पण त्यात आता एकही काटा नाही. उरली आहे वाळल्या लव्हाळ्यांची कडी. काटे राजेलोकांनी एकमेकांना भेटी म्हणून वाटून टाकले. लुईचं अनवाणी चालणं मला पटतं, काट्यांची वाटणी नाही.

सोनं चढवलं की येशू राजा दिसेल, असं आमच्या चर्चच्या समितीला वाटलं असावं. पण काटे गेले की तो चारचौघांसारखा राजा होतो. शिपायांनी थट्टेने त्याला जांभळं वस्त्र पांघरवलं, हातात बोरू दिला, मुजरे केले. रोमन सुभेदार पिलाताने तो राजा असल्याची पाटी तीन भाषांत लिहून क्रूसावर लावली आणि याजकांनी सांगूनही बदलली नाही. त्याचा राज्याभिषेक झाला तो तिथेच, मारेकऱ्यांच्या हातून. मी ज्याच्यापुढे गुडघे टेकतो तो हा राजा.

बाबा कधी कुठल्या समितीवर नव्हते. वाडीची वाटणी झाली तेव्हा विहिरीकडचा तुकडा त्यांनी धाकट्या काकांना दिला आणि स्वतः खाऱ्या पाण्याकडचा घेतला. आई कितीतरी दिवस धुसफुसत होती. पुढे काकांच्या तिन्ही मुलींची लग्नं ठरली ती बाबांना विचारून, आणि शेवटच्या आजारपणात काका त्यांच्या उशाशी बसून विचारत होते, यंदा केळी लावू की पानवेल.